कमरेचे साक्षीदार

नेवासकर वकिलांनी काळीज स्वतःकडे ठेवून घेतलं नसतं, तर मुळे सरांना आपल्या वाट्याला कंबर आल्याचं एवढं वाईट वाटलं नसतं.

हे वाटप झालं नगरच्या एका वाचनालयाच्या माडीवर, सन एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीत. जिल्ह्याच्या बोलीचा कोश करायचं तिथल्या मंडळानं ठरवलं होतं, आणि पहिला खंड मानवी शरीराचा होता. डोळा एका निवृत्त मामलेदारांना गेला, तोंड अर्थातच कीर्तनकारबुवांना. नाक कोणाला द्यावं यावर इतकी वादावादी झाली की मागवलेला चहा तसाच गार झाला. रंगनाथ मुळे सर केडगावाहून सायकल दामटत येईपर्यंत वरचं सगळं संपलं होतं. खालचं कोणी मागत नव्हतं. मध्ये कंबर उरली होती, ती सरांच्या नावावर लिहिली गेली.

"कंबर काही वाईट नाही," नेवासकर म्हणाले. ते या कोशाचे संपादक होते आणि तीस वर्षं कोर्टात काढल्यामुळे त्यांचा शब्दांवरसुद्धा विश्वास उरला नव्हता. "मात्र पुरावा पाहिजे. प्रत्येक शब्दाचे किमान तीस उपयोग, आणि प्रत्येक उपयोगाला साक्षीदार. नाव, वय, गाव. साक्षीदाराशिवाय उपयोग ग्राह्य धरला जाणार नाही. मुदत पाडव्याची. नोंद करणाऱ्याचं नाव नोंदीखाली छापलं जाईल."

या शेवटच्या वाक्यानं सर विरघळले. सत्तावीस वर्षं ते शाळेत मराठी शिकवत होते, म्हणजे सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची नावं फळ्यावर लिहीत होते. त्यांचं स्वतःचं नाव आजवर एकदाच छापून आलं होतं, छत्री हरवल्याच्या जाहिरातीत. तिथंही मुळेचं मुळ्ये झालं होतं आणि छत्री मिळाली नव्हती ती नव्हतीच.

घरी आल्यावर त्यांनी तासाभरात नऊ उपयोग लिहून काढले. कंबर कसणे, कंबर बांधणे, कंबर खचणे, असे सगळे पुस्तकी आणि धुतलेले. साक्षीदार म्हणून पत्नीचं, पुष्पावतीबाईंचं, नाव घातलं.

"नाव लिहा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "गाव लिहा. वय लिहिणार असाल तर मी काही बोललेच नाही."

"अगं, नियम आहे तो."

"मग त्या वकिलांना सांगा, स्वतःच्या बायकोचं वय छापा आधी."

अशा रीतीनं पहिली साक्षीदार पहिल्याच दिवशी फुटली. शेजारच्या राहीबाईंना वयाचं वावडं नव्हतं. त्या आपण होऊन आल्या आणि तिसऱ्या बाळंतपणापासून आपल्या कमरेचा इतिहास दीड तास सांगून गेल्या. त्यातून कोशाला उपयोगी असं एकच वाक्य निघालं. जाताना मात्र त्या गल्लीभर सांगत गेल्या की मुळे सर बायकांना कमरेविषयी विचारतात. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला सरांच्या हातात भांडं न देता ते उंबऱ्यावर ठेवू लागला. सरांना हे फार लागलं. शब्दांच्या मागं लागणाऱ्या माणसाला समाज काय समजतो, यावर त्यांनी मनातल्या मनात एक व्याख्यानही दिलं.

समोरच्या बिऱ्हाडातला मच्छिंद्र एका दवाखान्यात कंपाउंडर होता. सल्ला द्यायला त्याला आजारी माणूस लागत नसे.

"सर, तुमचं चुकतं कुठं सांगू का? शंभर पानी वही घेऊन गेलं की लोकांना वाटतं, वर्गणी मागायला आला. रजिस्टर पाहिजे, रजिस्टर." आणि त्यानं दवाखान्यातलं एक जुनं, कोरं राहिलेलं रजिस्टर आणून दिलं. लाल कापडी पुठ्ठा, आत छापील रकाने: अनुक्रमांक, नाव, वय, गाव, तक्रार. वकिलांच्या अटी जणू कोणी आधीच छापून ठेवल्या होत्या. शेवटचा रकाना तेवढा सरांनी उपयोगासाठी वापरायचं ठरवलं. "आणि घरी बसून काय होणार? दुष्काळी कामावर जा. पारनेरच्या वाटेला पाझर तलावाचं काम चाललंय, पाचशे माणूस एका जागी आहे. पाचशे कंबरा, सर!"

सरांनी किरकोळ रजा टाकली आणि पुणे रोडवर एसटी धरली.

पाझर तलावाच्या कामावर माती उपसणारे पुरुष होते आणि ती पाट्यांनी भरावावर नेणाऱ्या बायांची लांबच लांब रांग होती. सरांनी धोतराचा सोगा सावरला, रजिस्टर उघडलं आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच बाईला वर्गात विचारावं तसं स्पष्ट विचारलं, "बाई, आपण कंबर हा शब्द कोणकोणत्या प्रकारे वापरता?"

बाईच्या डोक्यावरची पाटी तिथंच पालथी झाली. मागची रांग थांबली. मुकादम सूर्यभान टेप गुंडाळत आला.

"कोन तुमी? बायांना काय इचारताय?"

सरांनी बोलीभाषेचं महत्त्व पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सूर्यभाननं ते शेवटपर्यंत ऐकलं, हे त्याच्याविषयी सांगितलं पाहिजे.

"समदं बराबर हाय," तो म्हणाला. "कागद हाय का?"

"कसला कागद?"

"शिक्क्याचा. कागद आना, मंग काय बी इचारा. तवर कमरंचं नाव काढू नगा."

कागद मिळायची जागा म्हणजे कामापासून मैलभर अंतरावरचं पत्र्याचं दप्तर. तिथल्या कारकुनानं अर्ज घेतला आणि लेखणी थांबवून विचारलं, "विषय?"

"कंबर."

कारकुनानं सरांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या यादीकडे. "माझ्याकडं विहिरी आहेत, जनावरं आहेत, हजेरी आहे, धान्य आहे, आरोग्य आहे. यात कंबर कुठं बसवू?"

"ती भाषेत बसते."

"भाषा आमच्याकडं नाही." त्यानं बराच विचार केला आणि अर्ज आरोग्याच्या फायलीत घातला. पुढचे तीन हेलपाटे सहीसाठी झाले. एकदा साहेब फिरतीवर होते, एकदा शिक्का फिरतीवर होता, आणि तिसऱ्यांदा दोघंही होते पण शाई वाळली होती. अखेर कागद हातात पडला. 'सदर इसम हे कमरेसंबंधी माहिती गोळा करीत आहेत. तरी कामावरील मजुरांनी त्यांस सहकार्य करावे.' खाली गोल शिक्का. 'इसम' या शब्दाला सरांनी हरकत घेतली, पण तो छापील होता.

पाडवा दोन आठवड्यांवर आला असताना, एका बुधवारी, सूर्यभाननं दगडावर उभं राहून तो कागद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग दुपारच्या सुट्टीत, सर एका बाभळीखाली पालथ्या घमेल्यावर बसले होते तिथं, एक बाई आली. तिच्यामागं दुसरी. बघता बघता रांग लागली.

सर हरखून गेले. भाषेविषयीची एवढी आस्था त्यांनी कॉलेजातसुद्धा पाहिली नव्हती. बाया हळू आवाजात बोलत, मधूनच मान वळवून सूर्यभान लांब आहे ना ते बघत. सरांना तो ग्रामीण स्त्रीचा विनय वाटला आणि त्यांनी तसं समासात टिपूनही ठेवलं.

"सकाळच्याला कंबर धरती," झुंबरबाई नावाची एक लहानखुरी बाई सांगू लागली. "दोन पाट्या वाहिल्या का जरा सुटती. सांजच्याला पार बसती."

धरणे, सुटणे, बसणे! एका दमात तीन! "वा!" सर उद्गारले. "आणखी?"

झुंबरबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या दुखण्याला आजवर कोणी वा म्हटलं नव्हतं. पण सांगायची ती थांबली नाही. कंबर भरून येते, कमरेत कळ निघते, कंबर टेकायला जागा नाही. सरांची लेखणी धावत होती.

मग बन्सी नावाचे एक म्हातारे आले. त्यांना कमरेचं काही दुखणं नव्हतं, रांग दिसली म्हणून ते उभे राहिले होते. त्यांनी विहिरीचं सांगितलं. "आमच्या इहिरीत परसभर पानी ऱ्हायचं. परवाच्या साली कमरंइतकं झालं. मंग ढोपराइतकं, मंग घोट्याइतकं. आता आत उतरून हुबं ऱ्हायलं तर पाय कोरडं." सरांनी 'कमरेइतके: पाणी मोजण्याचे माप' असं लिहिलं. मग त्यांना पुढं काय लिहावं सुचेना, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला आपल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी दिलं.

सगळ्यात शेवटी गोजरबाई आली. उंच, वाळलेली, पदर घट्ट खोचलेला. वय विचारलं तर म्हणाली, "लिवा पन्नास. कमी बी नगं, जास्ती बी नगं." खाली बसताना तिनं आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा, आणि मग अंग सोडलं.

"मी रोज कंबर बांधून येते, मास्तर," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. कंबर बांधणे, म्हणजे सिद्ध होणे, तयार होणे. सत्तावीस वर्षं हा अर्थ त्यांनी मुलांना सांगितला होता. "हा आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

"काय हाय?" असं म्हणून तिनं पदर जरासा सरकवून दाखवलं. लुगड्याच्या आत जुन्या धडप्याची पट्टी तीन वेढे देऊन करकचून आवळली होती. "येवढी आवळली का पाटी उचलती. न्हाई आवळली तर हितंच मोडून पडंल. कुनाला दावली न्हाई आजवर. मुकादमाला कळलं तर हजेरीतून नाव जाईल. माझ्या हजेरीवर घरात पाच तोंडं हायती."

सरांनी पट्टीकडे पाहिलं आणि त्यांना आपल्या सत्तावीस वर्षांची लाज वाटली. त्यांनी तिचं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं, मध्ये एकदाही वा म्हटलं नाही.

लिहून झाल्यावर गोजरबाईनं विचारलं, "मंग मला पान्यावर लावाल न्हवं?"

"कशावर?"

"पानी वाटायला. न्हाईतर लेकरं संबाळायला. उद्या बिस्तरवारी दागदर येनार, तीन हप्त्यांनी एकदा येतो. कागदावर ज्यांची नावं त्यांना हलकं काम देतो. पर नाव सांगायचं कुनाला? मुकादमाला सांगावं तर तो म्हनतो घरी बसा. तुमी शिक्क्याचा कागद घिऊन आला, कमरंचंच इचारायला आला, म्हनून समद्या बोलल्या."

तेवढ्यात रस्त्यावर शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. सर उठले, "बघू, बघू" असं काहीतरी पुटपुटले, आणि रजिस्टर काखेत मारून अक्षरशः पळाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण कोणाला काही कबूल केलं नव्हतं. आपण डॉक्टर आहोत असं म्हटलं नव्हतं. कागद खरा होता, शिक्का खरा होता. रजिस्टर एकच होतं, नक्कल नव्हती, आणि एकदा ते सरकारी माणसाच्या हातात गेलं की पाडव्याच्या आत परत येणार नव्हतं. एकेचाळीस साक्षीदार, चौतीस उपयोग. खाली नाव छापून येणार होतं, रंगनाथ मुळे, मुळ्ये नव्हे. मोजणी पुन्हा एकदा करावी म्हणून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावरचा शेवटचा छापील शब्द त्यांच्या डोळ्यात घुसला. तक्रार. त्याच्याखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात झुंबरबाईची कंबर धरत होती, सुटत होती, बसत होती.

"थांबवा!" सर ओरडले.

"हितं ठेसन न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"मला उतरायचंय!"

गाडी पुरती थांबायच्या आतच सरांनी उडी मारली. बावन्नाव्या वर्षी धोतर नेसून एसटीतून उडी मारू नये, हे त्यांना जमिनीवर पाय टेकताक्षणी कळलं. कमरेत सणकन उसण भरली. सरळ उभं राहायला गेले तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. वाकूनच बरं वाटत होतं, म्हणून मावळतीच्या उन्हात दोन मैल ते वाकूनच चालत गेले. वाटेत एका वहाणेचा अंगठा तुटला. ती त्यांनी हातात घेतली. रजिस्टर मात्र काखेतून ढळू दिलं नाही.

सूर्यभान दिवसाचं माप मोजत होता. सरांनी रजिस्टर त्याच्यापुढं धरलं.

"हे उद्या डॉक्टरांच्याच हातात द्यायचं. ही माणसं कामाला नालायक नाहीत, यांना हलकं काम पाहिजे. यातलं एक जरी नाव हजेरीतून कापलंस, तर मी..." सर थांबले. मराठीचा मास्तर कोणाचं काय करू शकतो, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर मी अर्ज करीन!"

पत्र्याच्या दप्तरातले अर्ज सूर्यभाननंही पाहिले होते. त्यानं मापाचा टेप गुंडाळून खिशात टाकला. मग म्हणाला, "मास्तर, माझी आय बी हाय ह्या रांगंत. ती तुमच्याकडं आली न्हाई, माझ्या भ्यानं." त्यानं रजिस्टर घेतलं, आईचं नाव घातलं. मग सरांकडे निरखून बघत म्हणाला, "तुमी असं वाकून का हुबं हायत?"

"काही नाही."

"बसा बघू."

सरांना बसता आलं नाही. सूर्यभाननं विचारलंही नाही आणि त्रेचाळिसावं नाव लिहिलं. रंगनाथ मुळे, वय बावन्न, केडगाव. तक्रार: कंबर.

दुधाच्या टेम्पोत आडवे घालून सरांना घरी पोचवण्यात आलं. पुढचे आठ दिवस त्यांनी लाकडी फळीवर चटई टाकून काढले. राहीबाईंनी निर्गुडीचा पाला आणला आणि सोबत आपल्या कमरेच्या इतिहासाचा दुसरा भागही. आठव्या दिवशी पोस्टानं एक छापील चिठ्ठी आली. डॉक्टरांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदी तपासल्या होत्या, आणि ज्या तक्रारदाराला पाहता आलं नव्हतं त्यालाही न्याय दिला होता: 'रंगनाथ मुळे. हलके काम द्यावे.'

"मग आजपासून डाळ निवडा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. पण मागं वळल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला हे सरांना दिसलं. रजिस्टर का दिलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

पाडव्याच्या बैठकीला सर काठी टेकत गेले. नेवासकरांनी काळजाचे दोनशे बारा उपयोग वाचून दाखवले, साक्षीदार बहुतेक त्यांचेच पक्षकार होते. सरांची पाळी आली तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता, त्यावर आठवतील तेवढे उपयोग. साक्षीदारांची यादी पत्र्याच्या दप्तरात जमा होती, आणि तिथून उत्तर आलं होतं की आरोग्यविषयक कागद खाजगी इसमास देता येत नाहीत.

"पुराव्याअभावी," नेवासकर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, पण त्यांनी नियम सोडला नाही.

वैशाखात मुद्रितं आली. 'कंबर: पहा, शरीर.' सरांनी पानं उलटून शरीर पाहिलं. शरीराच्याच खंडात जागा न पुरल्यामुळे ते दुसऱ्या खंडात ढकललं होतं. सर रात्रीचं जेवले नाहीत. एवढ्याशा गोष्टीचं एवढं दुःख व्हावं याचंही त्यांना दुःख झालं.

शाळेला सुट्टी लागल्यावर एके दिवशी, घरात काही न सांगता, ते पुन्हा त्या एसटीत बसले. भराव आता चांगला पुरुषभर उंच झाला होता. बाभळीखाली रांजण मांडले होते आणि गोजरबाई कमरेवर घागर घेऊन रांगेतल्या बायांना पाणी देत फिरत होती. झुंबरबाई पलीकडे झोळ्यांतली लेकरं हलवत होती. सतरा जणींना हलकं काम मिळालं होतं आणि हजेरीतून एकही नाव गेलं नव्हतं.

"मास्तर!" गोजरबाईनं घागर खाली ठेवली. "कंबर कशी हाय?"

"बरी आहे. तुमची?"

"पट्टी सोडली." मग सरांना पाणी देत तिनं विचारलं, "अन् तुमचं ते पुस्तक? झालं का छापून?"

सरांच्या हातातला गडू थांबला. "पुस्तकाचं तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तर मला डॉक्टरांचा माणूस समजला होता."

"बाकीच्या समजल्या हुत्या. तुमी मुकादमाला पुस्तकाचं समजावत हुता तवा मी रांगंतच हुते. मला पह्यल्याच घटकेला कळलं, तुमी दागदरकडलं न्हाई." ती हसली. "दागदर कुटं इतकं ऐकून घेतो? अन् दुखतंय म्हनल्यावर वा म्हनतो?"

"मग मला का सांगितलंत सगळं?"

"कुनीतरी लिहून घेत हुतं, म्हनून."

सरांनी गडूतलं पाणी एका दमात संपवलं. मग त्यांनी सांगून टाकलं की पुस्तकात कंबर आली नाही, वही अडकली, साक्षीदार गेले.

"मंग परत लिवा की," गोजरबाई म्हणाली. "मी सांगते. बसा."

सर घमेलं पालथं घालून बसले. खिसे चाचपले तर कागद एकच निघाला, घडी घातलेली ती डॉक्टरांची चिठ्ठी, हलके काम द्यावे. त्यांनी ती पालथी केली, गुडघ्यावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"कंबर म्हंजी," गोजरबाई रांजणाला टेकून सांगू लागली, "जिच्यावर लेकरू बी बसतं अन् घागर बी. हाय तवर तिला कुनी इचारत न्हाई. लिवलं?"

"लिहिलं," सर म्हणाले. "नाव?"

"गोजरबाई."

"वय?"

"लिवा पन्नास."